ओल्या बाजूचं घर

“मिसेस होल्टे ना?” दारातल्या माणसानं विचारलं, आणि मी म्हटलं, “बूट तेवढे पुसा हं, फरशी आत्ताच पुसलीय.”

झालं ते एवढंच. नीट पाहिलं तर मी खोटं बोललेच नाही. त्यानं एक विचारलं, मी भलतंच सांगितलं, आणि तेवढ्यात एक अख्खी शाळेची बस माझ्या अंगणात रिकामी झाली. पोरं उतरत होती, उतरत होती, संपतच नव्हती मेली. कुणाच्या पायात शेतावरचे गुडघ्याएवढे रबरी बूट, कुणाच्या पायात नाचाला घालावेत तसले पांढरे कापडी. मार्च संपत आला तरी हवेत बर्फाची भुकटी उडत होती, आणि एक उंचेला पोरगा नुसत्या सदऱ्यात उभा राहून आपल्याला थंडी वाजत नाही असं जगाला दाखवत होता. माणूस म्हणाला, माझं नाव लुंड, मी शाळेत बँड शिकवतो, पाणी चढून उतरेपर्यंत शाळा बंद आहे आणि वरच्या वर्गांतली मुलं गावभर वाळूची पोती रचायला वाटून दिली आहेत. “तुमचा फोन आला होता ना, म्हणून आलो.” त्याच्या हातमोज्यावर पेनानं पत्ता लिहिला होता. ३१४, अकरावी अव्हेन्यू. उत्तर की दक्षिण, ते लिहायचं राहिलं होतं. मी ते वाचलं, आणि नजर उचलून त्याच्या टोपीवर ठेवली. टोपी लाल होती, कानांवर लोकर होती, चांगली टोपी होती.

आमच्या गावात ही चूक नवी नाही. मधोमध मेन अव्हेन्यू, तिच्या एका अंगाला दक्षिण, दुसऱ्या अंगाला उत्तर, आणि दोन्हीकडे तेच रस्ते, तेच आकडे. तीनशे चौदा, अकरावी अव्हेन्यू, दक्षिण म्हणजे मी, मर्ना शात्झ. तीनशे चौदा, अकरावी अव्हेन्यू, उत्तर म्हणजे आर्डिस होल्टे. तीस वर्षं त्या बाईचं टपाल माझ्या दारात पडतंय आणि माझं तिच्या. तिला मी कधी पाहिलेलं नाही. पण तिचा पाय अरुंद आहे, ती टोमॅटोची रोपं बियांपासून करते, तिच्या कानाच्या यंत्राला कुठले सेल लागतात, सगळं मला तोंडपाठ. एकदा तिच्या मुलीनं ऑरेगनहून पाठवलेली पेअरची पेटी आमच्याकडे आली. लेरॉयनं, माझ्या नवऱ्यानं, वरचं नाव न वाचताच ती फोडली आणि दोन पेअर उभ्याउभ्या खाल्ली. मी शरमेनं लाल होऊन फोन केला, तर आर्डिस म्हणाली, “खाल्ली तर खाल्ली. गोड होती का, एवढं सांग.” आमची रीत ठरलेली. एकीनं फोन करायचा, ‘तुझं माझ्याकडे आलंय गं,’ आणि वस्तू मेन अव्हेन्यूवरच्या हार्डवेअरच्या दुकानात गल्ल्याशी नेऊन ठेवायची. दुसरीनं सवडीनं उचलायची. भेटायचं कधी सुचलं नाही. गेल्या पानगळीत लेरॉय गेला, तेव्हा त्याच्या साखर कारखान्यातल्या सोबत्यांनी पाठवलेली फुलं तिच्याकडे गेली. ती मात्र तिनं दुकानात ठेवली नाहीत. चर्चच्या स्वयंपाकघरात पाण्याच्या बादलीत उभी करून गेली, मला न भेटता. फोनवर म्हणाली, “तुझी फुलं माझ्याकडे आली होती, मर्ना. लगेच पाण्यात ठेवली.” मग आम्ही दोघी नुसता फोन कानाला धरून बसलो, कुणालाच खाली ठेववेना.

म्हणजे लुंडनं तिचं नाव घेतलं तेव्हा मला कळलं नाही, असं म्हणायची सोय नाही. पण सकाळी ट्रक आला तेव्हा मला खरोखर कळलं नव्हतं, हेही तितकंच खरं. ट्रक आला, फोर्कलिफ्टनं लाकडी फळ्यांवर रचलेली पोती उतरवून गेला, एक शब्द न बोलता. मी खिडकीतून पाहत होते आणि मनात म्हणत होते, अगंबाई, सापडले वाटतं मी त्यांना. कारण फोन मीही केला होता. आठवड्यापूर्वी शहराच्या कचेरीतला माणूस येऊन रस्त्यावर नारिंगी रंगाची रेघ मारून गेला. रेघेवरून मातीचा बांध जाणार. बांधाच्या आत गाव, ती कोरडी बाजू. बांधाच्या बाहेर नदी, आणि मी. “तुम्ही ओल्या बाजूला येता, बाई,” तो म्हणाला, जसं काही मी कालच तिकडे राहायला गेले होते. आमच्या रांगेतली बाकीची घरं मागच्या मोठ्या पुरानंतर शहरानं विकत घेऊन पाडली. लेरॉयनं विकलं नाही. तो म्हणाला, नदी चार दिवसांची पाहुणी, तिच्यासाठी घर सोडतं का कुणी? त्या पुरात तो आणि त्याचे दोघे भाऊ, तिघांनी मिळून भिंत रचली आणि वर गावभर दुसऱ्यांच्या भिंती रचत हिंडले. दारात येऊन कुणी मागावं याची वाट नाही पाहिली त्यानं, आणि स्वतः कधी कुणाकडे मागितलं नाही. आता भाऊ नाहीत, लेरॉय नाही, आणि मदतीचा नंबर फ्रिजवर चुंबकाखाली लावलेला. मी फिरवला. पलीकडच्या मुलीनं गोड आवाजात विचारलं, “तुमच्या घरी काम करू शकणारी माणसं किती आहेत?” मी उत्तर शोधत राहिले. ‘एक’ हा शब्द काही अवघड नाही, शेंबडं पोरही म्हणतं. माझ्या तोंडून निघेना. मी फोन ठेवून दिला, पत्ता न सांगताच. आणि मग बसले ओल्या बाजूला, कुणी येतंय का पाहत.

बँडच्या मास्तरानं पोरांना पोत्यांपासून नदीकडच्या अंगणापर्यंत रांगेत उभं केलं. एकाचं तोंड इकडे, पुढच्याचं तिकडे, म्हणजे पोतं देताना घेताना कुणाला पूर्ण वळावं लागत नाही. मग तो टाळ्या वाजवायला लागला. एक, दोन, एक, दोन. टाळीवर पोतं घ्यायचं, टाळीवर द्यायचं. लेरॉय असता तर हसून हसून बेजार झाला असता. पण रांग चालायला लागली आणि मला हसू नाही आलं. मी सिंकपाशी उभी होते, हातात धुतलेलाच कप पुन्हा धूत. खिडकीतून माझ्या अंगणाच्या कडेला एक थर उठताना दिसत होता. ती मुलं दर टाळीला एकेक पोतं आणत होती आणि प्रत्येक पोतं आर्डिसचं होतं. मी स्वतःला म्हटलं, पहिला थर होऊ दे. मग सांगेन. पहिला थर म्हणजे काय, गुडघ्याइतकाही नाही, त्यानं कुणाचं काय जातंय?

शेवटच्या टोकाला, जिथं पोतं प्रत्यक्ष ठेवायचं तिथं, एक मुलगी होती. डोक्याला घट्ट काळा रुमाल, त्यावर कुणाची तरी भलीमोठी लोकरीची टोपी. नाव इफ्रा. सगळ्यांत बुटकी आणि सगळ्यांवर हुकूम चालवणारी. ती पोतं आपटून पाहायची, गोठून दगड झालं असेल तर परत फेकायची. “हे नको! गोठलेलं खाली ठेवलं तर फट राहते. गोठलेली सगळी गॅरेजमध्ये न्या, वितळू देत.” उंचेला पोरगा, कोल्टन त्याचं नाव, ओरडला, “इफ्रा, तुला वाळूत पदवी कुणी दिली गं?” ती म्हणाली, “काल चार घरं केली मी. तू काय केलंस? बसमध्ये झोपलास.” पोरं खिदळली. मी दार उघडून गॅरेजची चावी दिली. कशासाठी दिली? कुणी मागितली नव्हती. मला पाहून इफ्रा म्हणाली, “मिसेस होल्टे, तोंड असं खाली दुमडायचं, मग वर उभं राहून दाबायचं. पुढचं पोतं दोघांच्या सांध्यावर. बघा.” आणि दोन्ही पायांनी त्या पोत्यावर उभी राहिली. मी मान डोलावली. दुसऱ्या बाईच्या नावाला मान डोलावणं पहिल्यांदा अवघड जातं. तिसऱ्यांदा जात नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

मग मी हॉटडिश करायला घेतला. आमच्याकडे अंगणात परक्याचा हात कामाला लागला की बाईनं ओव्हन पेटवायचा, यात विचार करण्यासारखं काही नसतं. खिमा परतला, वर मशरूमच्या सूपचा डबा ओतला, वर बटाट्याच्या गोळ्यांची ओळ लावली. ओळ लावताना लक्षात आलं, मी तीसुद्धा सांध्यावर सांधा येऊ न देता लावतेय. इफ्रासाठी अंडी उकडायला टाकली. डोक्याला रुमाल बांधणाऱ्या त्या मुली आमचा खिमा खात नाहीत, हलाल लागतो त्यांना, चर्चच्या स्वयंपाकघरात राबून एवढं कळलंय मला. सगळं नीट चाललं होतं. आणि फोन वाजला.

स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचा, लांब वायरीचा. लेरॉयनं तो कधी बदलू दिला नाही. मी हातातला चमचा धरून उभी राहिले. सकाळच्या वेळी मला फोन करणारं आता कोण आहे? चर्चवाल्या बाया सगळ्या पोती भरायला मैदानात. वाजून वाजून बंद झाला. बाहेर मास्तरची टाळी ऐकू येत होती, तिच्यात मिसळून नदीतल्या बर्फाच्या लाद्या एकमेकींवर घासल्याचा आवाज. मी स्वतःशी भांडायला लागले. कशावरून आर्डिस? आणि आर्डिस असली तरी तिची मुलगी आहे, जावई आहे. ऑरेगनला आहेत ते, मर्ना. असू देत, आहेत तर खरे. आणि आपली रेड नदी काय इतर नद्यांसारखी दक्षिणेला जाते? ती उत्तरेला वाहते. पाणी आधी माझ्याकडे, मग तिच्याकडे. तिला वेळ आहे. हा मुद्दा मला फारच आवडला. मी तो दोनतीनदा मनात म्हणून पाहिला, बटाट्याचे उरलेले गोळे लावता लावता. एकाच गावातल्या दोन घरांत नदीला जायला कितीसा वेळ लागतो, हे मला ठाऊक नव्हतं थोडंच. मागच्या वेळी लेरॉयनं सांगितलं होतं, ‘तुझं जेवण होईतो पाणी मेन अव्हेन्यूच्या पुलाखालून जातं.’

तळघरात जाऊन पाणी उपसणारा पंप पाहिला. चालू होता. वर आले. पुन्हा खाली गेले. खाली लेरॉयचं लाकूड कातायचं लेथ आहे, त्यावर त्यानं अर्धवट सोडलेला एक लाकडी वाडगा, बाहेरून गुळगुळीत आणि आतून भरीव. मी तो काढलेला नाही. लोक विचारतात, घर का नाही सोडत? मी काहीबाही सांगते. खरं म्हणजे तो वाडगा लेथवरून काढता येत नाही मला. काढायचा कसा हे माहीत नाही, आणि काढणाऱ्याला विचारायचं तर तो काढून देईल. पाणी आलं तर आधी इथं येणार. जमिनीतून, पायरीवरून नाही. मला ते दिसायला लागलं, लेथच्या पायांशी काळं पाणी, वाडगा फुगलेला. आणि लगोलग दुसरं तळघर दिसायला लागलं, मी कधी न पाहिलेलं. त्यात रोपांचे ट्रे. मार्च म्हणजे टोमॅटो पेरले असणार तिनं, वर दिवे लावून. बियांचं पाकीट जानेवारीत माझ्याकडेच आलं होतं.  मी त्या ट्रेंना मनातून हाकलून दिलं आणि वर येऊन पोरांना जेवायला हाक मारली.

पोरं जेवली ती उभ्यानं, माझ्या स्वयंपाकघरात, गॅरेजमध्ये, पायऱ्यांवर. “मिसेस होल्टे, माझी आई असा करत नाही,” कोल्टन तोंडात घास धरून म्हणाला. “तिचा करपतो.” “तुझी आई तुला पाहत असते ना, म्हणून,” दुसरी एक पोरगी म्हणाली. मास्तर लुंड भिंतीला टेकून खात होता, थकलेला. म्हणाला, “आज सकाळी तर वाटलं होतं, पाऊण घर तरी होतंय की नाही. पण मुलांनी कमाल केली. अजून दोन थर, की तुमची झोप निश्चिंत.” मी म्हटलं, “इथनं पुढं कुठं जाणार?” माझा आवाज मला अगदी साधा वाटला. “पुढं नाही कुठं. आजचं हेच घर. बस अंधारापूर्वी शाळेत न्यावी लागते.” मग त्यानं मला विचारलं, “तुमचे कोणी नाहीत का इथं?” मी म्हटलं, “मुलगी ऑरेगनला असते.” बाई गं! मला मूल नाही. झालंच नाही. आर्डिसची मुलगी माझ्या तोंडून अशी सहज निघाली, जशी मीच तिला नऊ महिने वागवली होती. मास्तर म्हणाला, “लांब आहे.” मी म्हटलं, “पेअर पाठवते.” आणि मला तिथंच, त्या पोरांच्या गर्दीत, असं रडू फुटायला आलं की मी ओव्हन उघडून आत तोंड घातलं.

जेवणानंतर फोन दुसऱ्यांदा वाजला. दाराशी हातमोजे चढवत असलेला कोल्टन म्हणाला, “मिसेस होल्टे, फोन.” मी म्हटलं, “वाजू दे. विकणारे असतात.” तो हसला आणि गेला. मी रागावले. कुणावर ते कळेना. आधी मास्तरवर, एक दिशा लिहायला काय झालं होतं त्याला? मग शहरावर, दोन रस्त्यांना एक आकडा देणारं हे कसलं गाव? मग लेरॉयवर, कारण त्याच्यावर रागावणं सगळ्यांत सोपं. घर विकलं असतंस तर आज मी कोरड्या बाजूला चहा पीत बसले असते आणि दुसऱ्यांच्या पोरांसाठी हॉटडिश केला असता, माझ्या स्वतःच्या नावानं. आणि शेवटी आर्डिसवर. तिनं फोन केला, तिला विचारलं असेल, घरी काम करू शकणारी माणसं किती? आणि ती म्हणाली असेल, एक. म्हणाली असेल ती, सरळ. मला का नाही म्हणता आलं? तिला काय लाज नाही? असा विचार आला, आणि आला तसा मी तो ओळखला. माझ्या अंगणात उभी राहणारी भिंत एका बाईच्या ‘एक’ म्हणण्यावर आली होती आणि मी तिलाच नावं ठेवत होते.

भिंत आता माझ्या कमरेच्या वर आली होती. नदी दिसेनाशी झाली होती, नुसता तिचा आवाज. खिडकीतून पांढऱ्या पोत्यांची ओळ दिसायची आणि तिच्या मागं काहीच नाही. मला वाटलं होतं, नदी दिसेनाशी झाली की बरं वाटेल.

इफ्रा आत आली ती बोटं कळवळली म्हणून. हातमोजे भिजले होते. मी तिला सिंकपाशी कोमट पाणी सोडून दिलं. “गरम नको, दुखेल,” मी म्हटलं. ती म्हणाली, “माहितीये.” तिला सगळं माहीत असतं. मी तिच्यासाठी लेरॉयचे कोरडे मोजे शोधायला बेडरूममध्ये गेले. कपाट उघडून मोज्यांच्या खणात हात घातला, तेवढ्यात फोन तिसऱ्यांदा वाजला, आणि एकदाच वाजून थांबला. मी तशीच, मोज्यांत हात खुपसून उभी. स्वयंपाकघरातून तिचा आवाज आला, शाळेत शिकवतात तसा, स्वच्छ आणि नम्र. “हॅलो, मिसेस होल्टेंचं घर. मी इफ्रा बोलतेय, मदतीला आलेली.”

 मी मोजे घेऊन आले तेव्हा ती भिंतीशी उभी होती, ओल्या हातात फोन. तिनं फोन छातीशी दाबून धरला आणि माझ्याकडे पाहिलं. “त्या म्हणतायत, त्या मिसेस होल्टे.”

मी हातातले मोजे ओट्यावर ठेवले.

“मग तुम्ही कोण?” तिनं विचारलं. रागानं नाही. गोठलेलं पोतं आपटून पाहावं तसं.

“मर्ना,” मी म्हटलं. “मर्ना शात्झ.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“हो.”

“सकाळपासून?”

“हो गं बाई, सकाळपासून.”

तिनं बाहेर पाहिलं, भिंतीकडे. तिनं प्रत्येक पोत्यावर पाय दिला होता. मला वाटलं आता ही ओरडेल, मास्तरला हाक मारेल. ती हळूच म्हणाली, “मी बाहेर कुणाला नाही सांगणार. ते तुम्ही बघा. पण यांना काय सांगू ते मला सांगा, कारण त्या थांबल्यात.” आणि फोन माझ्यापुढे धरला.

‘राँग नंबर’ म्हणून ठेवून देता आलं असतं. ते माझ्या मनात आलं, लपवत नाही. मी फोन घेतला.

“मर्ना,” आर्डिस म्हणाली, “माझी मुलं तुझ्याकडे आलीत का गं?”

अगदी त्याच आवाजात. बूट आलेत का, बिया आल्यात का, तसं. मागं तिचा पंप ऐकू येत होता, माझ्यासारखाच धापा टाकत.

“आलीत,” मी म्हटलं.

“पोतीपण?”

“पोतीपण.”

“मी सकाळपासून दारात उभी आहे,” ती म्हणाली. “आधी वाटलं उशीर झाला असेल. मग तुला फोन केला. मग वाटलं, मर्ना घरी नसेल. असती तर तिनं मला कळवलं असतं.” मग म्हणाली, “ही काही पेअर नव्हती गं, मर्ना.”

तीस वर्षांत ती मला कधी टाकून बोलली नव्हती. हेही तिनं टाकून म्हटलं नाही, आणि मला ते तोंडात मारल्यासारखं लागलं. मी म्हटलं, “पाठवते. आत्ता पाठवते,” आणि फोन ठेवला, आणि लेरॉयचे मोजे इफ्राच्या हातांवर चढवले, कारण ते तरी करता येत होतं.

अंगणात टाळ्या चालू होत्या. मी रांगेच्या मधोमध जाऊन उभी राहिले, तेव्हा टाळी थांबली आणि एक पोतं कोल्टनच्या हातात तसंच राहिलं. “मुलांनो,” मी म्हटलं, “मी मिसेस होल्टे नव्हे. त्या उत्तरेला राहतात, याच नंबरला. पत्ता चुकला तो माझ्यामुळे नाही. पण तुम्ही दारात आलात तेव्हाच मला ठाऊक होतं, आणि मी गप्प बसले.” असं सरळ बोलायचं ठरवलं नव्हतं. आडवळणानं बोलायचं तर त्यालाही श्वास लागतो आणि तो माझ्याकडे नव्हता.

 मग कोल्टन म्हणाला, “म्हणजे हॉटडिशसुद्धा चुकीच्याच बाईचा?” एकदोघं हसली आणि लगेच गप्प झाली. मागं कुणीतरी पोरगी पुटपुटली, “छान, म्हणजे दिवस फुकट.” मास्तर लुंडनं हातमोजा उलटा करून त्यावरचा पत्ता वाचला. त्याचं तोंड एकदम म्हातारं झालं. “उत्तर,” तो म्हणाला. “मी लिहिलंच नाही.” त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली, आणि भिंतीकडे पाहिलं. वरचे दोन थर नव्हते. पाणी कुठवर येणार हे रेडिओवर सांगत होते, ते त्या दोन थरांतच होतं. “थोडंच राहिलंय,” तो म्हणाला. “हे पुरं करून मग—” आणि त्याला पुढं बोलवेना, कारण दिवस उतरायला लागला होता आणि फळ्यांवर किती पोती उरली होती ते सगळ्यांना दिसत होतं.

“तुमच्या घरी काम करायला कोण आहे?” त्यानं मला विचारलं. “माणसं किती आहेत?”

“एक,” मी म्हटलं. “मी.”

उरलेली पोती पोरांनी बसमध्ये भरली. ट्रक बोलावण्यात वेळ गेला असता. रांग उलटी फिरली, बसच्या मागच्या दारापर्यंत, या वेळी टाळी नव्हती. सीटांवर, सीटांखाली, मधल्या वाटेत, गॅरेजमध्ये वितळलेली पोतीसुद्धा. मी कोट चढवून बसमध्ये चढले. मला कुणी बोलावलं नव्हतं आणि कुणी उतर म्हटलं नाही. इफ्रा खिडकीशी बसली होती, हातांवर मोजे. मी तिच्या शेजारी बसले, मांडीवर एक पोतं घेऊन. मेन अव्हेन्यूवरून जाताना हार्डवेअरचं दुकान गेलं, दारात ‘पंप संपले’ अशी पाटी. “तुमच्या घराचं काय?” इफ्रानं विचारलं. मी म्हटलं, “बघू.” ती म्हणाली, “उद्या सकाळी मी सरांना विचारीन. पण उद्याचं नक्की नाही.” ती थापा मारत नाही, एवढं कळलं होतं मला. बस खड्ड्यात आदळली आणि सगळ्या पोत्यांतून वाळू सळसळली.

आर्डिस होल्टे दारात नव्हती, अंगणात होती. एकटीच, फावड्यानं भाजीच्या वाफ्यातली गोठलेली माती खणून जुन्या उशांच्या खोळींत भरत होती. तशा आठदहा खोळी नदीच्या तोंडाला लावून ठेवल्या होत्या, एकीवर निळ्या फुलांचं भरतकाम. मला वाटलं होतं त्याहून ती उंच होती. पाय मात्र अरुंदच. पोरं धडाधड उतरली, मास्तर रांग लावायला धावला, आणि मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले, मांडीवरचं पोतं अजून हातातच.

“मर्ना ना तू,” ती म्हणाली.

“हो.”

“सकाळी सांगितलं असतंस तर अर्धीअर्धी करून घेतली असती आपण.”

“हो,” मी म्हटलं. “मला सुचलं नाही.” आणि खरंच नव्हतं सुचलं. दिवसभर मनात मी इतकं काय काय बोलले, पण अर्धं अर्धं हे एकदासुद्धा मनात आलं नाही.  आर्डिसनं माझ्याकडे नीट पाहिलं.  फावडं टाकून रांगेच्या शेवटच्या टोकाला जाऊन उभी राहिली, आणि तिच्या अलीकडची जागा रिकामी होती म्हणून मी तिथं उभी राहिले. इफ्रा वाकून पहिला थर लावत होती. “तोंड खाली दुमडायचं,” ती आर्डिसला सांगत होती, “आणि वर उभं राहायचं.” नदी इथं माझ्याकडल्यापेक्षा जवळ होती. भिंतीवाचून दिसत होती, फुगलेली, करड्या लाद्या वाहून नेणारी. हे पाणी माझ्या अंगणावरून आलेलं होतं. माझ्या दोन कमी थरांपाशी ते आत्ता कुठवर आलं असेल, हे मी डोळे मिटून मोजायचा प्रयत्न करत होते आणि मला ते जमत नव्हतं. लेथ, वाडगा, ट्रे, सगळं एकाच तळघरात गोळा होत होतं.

टाळी सुरू झाली. एक, दोन. पोतं हातोहात येऊ लागलं. माझ्या अलीकडे कोल्टन होता, दिवसभर थकलेला, नाक लाल. त्यानं पोतं उचललं, वळला, आणि न पाहता सवयीनं ओरडला, “मिसेस होल्टे, धरा!”

आमच्या दोघींचे हात एकदम पुढं आले. कोल्टनचं तोंड उघडंच राहिलं. आर्डिसनं आपले हात मागं घेतले.

“तुलाच म्हणतोय तो,” ती म्हणाली. “घे.”

मी घेतलं. जड होतं. मी वळले आणि तिचं होतं ते तिच्या हातात दिलं.